कार्बोरेटर उघडण्याआधी गॅस्केट बघा

घरात जुनी गाडी सांभाळणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. गाडी आयडलिंगला थांबेनाशी झाली, सिग्नलला बंद पडू लागली, तर लगेच कार्बोरेटर उघडायला देऊ नका. आधी इनटेकचं गॅस्केट बघून घ्या.

म्हैसुरातल्या आपल्या मराठी घरांना हे मुद्दाम सांगतो आहे. इथे जुनी गाडी वर्षभर शेडमध्ये उभी असते आणि आयुधपूजेला बाहेर निघते. धुऊन-पुसून होते, हळदकुंकू होतं, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं. मग नातवंडं म्हणतात, चला, चामुंडीला जाऊन येऊ. आणि टेकडीच्या पायथ्याशीच गाडी मिसिंग मारायला लागते. त्या दिवशी गॅरेजंही पूजेला बंद असतात. मागे दसऱ्याची गर्दी, गाडीत म्हातारी माणसं, आणि बॉनेट उघडून तुम्ही उभे.

हे टाळता येतं. त्यासाठी इंजिनातलं सगळं कळायला हवं असं नाही. एक पातळ पट्टी ओळखता आली की पुरे.

हवा आणि पेट्रोल एकत्र होऊन ज्या नळकांड्यातून इंजिनात जातं, ते इनटेक मॅनिफोल्ड. इंजिनाच्या हेडला ते नट लावून आवळलेलं असतं. धातूवर धातू कितीही नीट बसवला तरी बारीक फट राहते. म्हणून मध्ये पट्टी घालतात. तेच गॅस्केट. गॅरेजात कुणी पॅकिंगही म्हणेल.

वर्षानुवर्षं तापून आणि निवून ही पट्टी कडक होते. मग चिरते, कधी एका कडेला जळते. इंजिन तर सारखं हवा ओढत असतं. ते त्या फटीतूनही ओढतं.

ही चोरटी हवा कार्बोरेटरच्या हिशोबात नसते. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते, आणि कार्बोरेटर दोन्ही त्याच मापाने सोडत असतो. वरून जास्तीची हवा आली की मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण नीट पेटत नाही. पेटलं तर सावकाश जळतं आणि व्हॉल्व्ह तापवतं. शिवाय ही हवा एअर फिल्टरमधून आलेली नसते. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर ती धूळ घेऊनच येते आणि सिलिंडर घासते. डिझेल गाडीत मिश्रणाचा प्रश्न नाही, पण धुळीचा आहेच.

घरात याचा त्रास कसा जाणवतो? सकाळी गाडी चोक ओढल्याशिवाय उभी राहत नाही. तापल्यावर जरा बरी होते, कारण धातू फुगून फट थोडी मिटते. रेस सोडली की इंजिन थरथरतं. पेट्रोल जास्त लागतं, कारण तुम्ही पाय दाबूनच चालवत असता. आणि दर महिन्याला कुणीतरी ट्यूनिंगचे पैसे घेऊन जातं.

बहुतेक मिस्त्री यावर एकच उपाय करतात. आयडलिंगचा स्क्रू फिरवून रेस वाढवून देतात. गाडी बंद पडायची थांबते आणि तुम्ही खूश होऊन घरी येता. फट मात्र होती तिथेच असते. दोन महिन्यांनी ती मोठी होते, पुन्हा स्क्रू फिरतो. असं होत होत एक दिवस व्हॉल्व्ह जळतो, हेड उतरवावं लागतं आणि तेव्हा खर्च कळतो. मिस्त्रीच्या मनात खोट असते असं नाही. त्याला दुपारपर्यंत चार गाड्या सोडायच्या असतात.

आता ब्रेकचं ऐका, कारण हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

तुमच्या पेट्रोल गाडीला ब्रेकचा बूस्टर असेल, तर तो ज्या ओढीवर चालतो ती ओढ याच मॅनिफोल्डमधून येते. मॅनिफोल्ड हवा खात असेल तर बूस्टरला पुरेशी ओढ मिळत नाही. पेडल कडक लागतं. सपाट रस्त्यावर हे लक्षातही येत नाही. चामुंडी टेकडी उतरताना किंवा ऊटीच्या घाटात येतं.

याची परीक्षा घरच्या घरी होते. इंजिन बंद ठेवा. ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग पाय दाबून तसाच ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी घाटात नेऊ नका. आधी दाखवा. दोष बूस्टरचा असो, त्याच्या नळीचा असो की गॅस्केटचा, घाट तोवर थांबेल.

फट कुठे आहे हे शोधायची पद्धत सोपी आहे. पण इथे एक ताकीद आहे. काही ठिकाणी मिस्त्री बाटलीच्या झाकणाला भोक पाडून चालू इंजिनावर पेट्रोल उडवतात. आवाज बदलला की म्हणतात, इथे लीक आहे. निदान बरोबर येतं. पण त्याच्या शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. प्लगची जुनी वायर कुठे ठिणगी मारत असेल तर आणखीच. अशाने गाड्या पेटतात. तुमच्या अंगणात हे करू देऊ नका. घरचा गॅस सोडून बघणं तर नकोच नको.

तुम्ही पाण्याने बघा. कपड्यांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घ्या. त्यात साधं पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. इंजिन थंड असताना सुरू करा आणि एक्झॉस्ट तापायच्या आत बघून घ्या. मॅनिफोल्ड हेडला जिथे चिकटतं त्या कडेवर एका वेळी थोडंसं पाणी मारा. फट असेल तिथे पाणी आत ओढलं जातं. क्षणभर इंजिनाचा सूर बदलतो, कधी सुर्रर्र असा आवाज येतो. पाणी डिस्ट्रिब्युटरवर आणि प्लगच्या वायरींवर जाऊ देऊ नका. साडीचा पदर, ओढणी, मफलर फॅनपासून लांब. मुलांनाही लांब उभं करा.

त्याच वेळी बाकीच्या जागाही बघून टाका. कार्बोरेटरच्या बुडाखाली आणखी एक गॅस्केट असतं. बूस्टरकडे आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या रबरी नळ्या असतात. त्या टोकाला फाटलेल्या असतात आणि फाटलेलं टोक कापून पुन्हा बसवलं की काम होतं. कार्बोरेटरच्या थ्रॉटलचा दांडा झिजला असेल तर तिथूनही हवा जाते, तेव्हा गॅस्केट बदलून काही उपयोग नाही. मॅनिफोल्ड उतरवायच्या आधी हे सगळं बघायला जेमतेम पाव तास लागतो.

एमिशन टेस्टची पावतीही टाकून देऊ नका. तिच्यावर दोन आकडे असतात. बीएस-दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. यातला कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन खूप जास्त आला, तर मिश्रण पातळ होऊन पेट्रोल न जळताच बाहेर पडत असण्याची शक्यता मोठी. प्लग किंवा वायर खराब असली तरी हायड्रोकार्बन चढतं, म्हणून प्लग आधी बघा. एखाद्या सिलिंडरचा प्लग पांढरट आणि बाकीचे तपकिरी असतील, तर फट त्या सिलिंडरच्या जवळ आहे.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून साधारण ७७० मीटर उंच आहे. याचा इथे संबंध आहे. मॅनिफोल्डची ओढ मोजायचं घड्याळासारखं व्हॅक्यूम गेज असतं. चांगलं इंजिन समुद्रकाठी आयडलिंगला १८ ते २० इंच दाखवतं. दर ३०० मीटर उंचीला हा आकडा साधारण एक इंचाने उतरतो. म्हणजे म्हैसुरात तेच इंजिन अडीच इंच कमी दाखवणार. ऊटीला सात इंच कमी. आकडा कमी आला म्हणून कुणी रिंगा गेल्या म्हटलं, तर हे आठवा. आकड्यापेक्षा काटा बघा. तो स्थिर असावा.

उंचीची दुसरी गंमत अशी की इथे हवा विरळ असल्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण मुळातच जरा जाड होतं. छोटी फट त्यात झाकली जाते. गाडी म्हैसुरात बरी चालते आणि मंगळूरला किंवा कोझिकोडला उतरली की कुरकुर करते. लोक तिथल्या पेट्रोलला नावं ठेवतात.

पेट्रोलचंही आता लक्षात ठेवायला हवं. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप थोडं पातळ पडतं. पूर्वी जी फट खपून जायची, ती आता खपत नाही. शिवाय त्या काळचं रबर या पेट्रोलासाठी बनलेलं नव्हतं. गॅस्केट बदलायला मॅनिफोल्ड खोललंच, तर पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटरची रबरं इथेनॉल चालणारी घालून घ्या. पुन्हा मजुरी पडणार नाही.

आता खरेदी. म्हैसुरात मिळालं नाही तर बंगळूरचा जे. सी. रोड आहे. तिथे जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. पण दुकानात जाऊन नुसतं ‘अँबॅसॅडरचं इनटेक गॅस्केट द्या’ म्हणू नका. अँबॅसॅडर १९५७ पासून २०१४ पर्यंत बनली. तिच्यात जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, डिझेल आलं, पुढे इसुझूचं १८०० सीसीचं पेट्रोल आलं. प्रत्येकाचं गॅस्केट वेगळं. इंजिन कुठलं ते सांगा. इंजिन नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जुनं गॅस्केट निघालं असेल तर तुकडे का होईना, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून न्या.

नवं गॅस्केट जुन्यावर किंवा मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवून बघा. भोक मॅनिफोल्डच्या भोकापेक्षा लहान नको. कड आत डोकावत असेल तर हवेची वाट अडते आणि त्या कडेचे तुकडे सुटून इंजिनात जातात. घडी पडलेलं गॅस्केट घेऊ नका, कितीही स्वस्त असो. घडीवर ते चिरतंच. आणि दोन घ्या. एक कपाटात सपाट ठेवा. जुन्या गाडीचा भाग पुढच्या वर्षी मिळेलच याची खात्री नसते.

पट्टी कशाची असावी? फक्त इनटेकचं तोंड असेल, तर चांगल्या दाबलेल्या फायबरच्या शीटचं चालतं. त्याच पट्टीवर एक्झॉस्टही बसत असेल तर धातू घातलेलं किंवा ग्रॅफाइटचं हवं. कागदाचं तिथे जळून जाईल. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापलेलं गॅस्केट मी चालत असलेलं पाहिलं आहे. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचायला ते ठीक. त्यावर संसार करू नका.

शीटमधून कापून घ्यायची वेळ आली, तर मिस्त्री शीट मॅनिफोल्डवरच ठेवून हातोडीने ठोकत कडा कापतो. बिडाच्या मॅनिफोल्डला ते सोसतं. अॅल्युमिनियमच्या कडेला मात्र खड्डे पडतात आणि मग कुठलंच गॅस्केट नीट बसत नाही. अॅल्युमिनियमचं असेल तर आधी कागदावर छाप घ्यायला सांगा, आणि शीट वेगळ्या लाकडावर कात्रीने आणि पंचने कापायला सांगा.

अँबॅसॅडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण अजून अनेक अंगणांत ते आहे आणि त्यात चुका जास्त होतात. हे मूळ इंग्लंडच्या बीएमसीचं इंजिन. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात. चार सिलिंडरना इनटेकची भोकं दोनच असतात. म्हणून एका बाजूला फट पडली की दोन सिलिंडर एकदम आजारी होतात, आणि निम्मं इंजिन गेल्यासारखं वाटतं. घाबरून इंजिन काम काढू नका.

या गॅस्केटची एक बाजू बारीक भोकांच्या पत्र्याची असते. तो पत्रा मॅनिफोल्डकडे ठेवायचा, हेडकडे नाही. आणखी एक गोष्ट बघा. काही स्टडवर एकच जाड वायसर इनटेकच्या आणि एक्झॉस्टच्या, दोन्ही कानांवर मिळून दाब देतो. दोन्ही कान सारख्या जाडीचे असले तरच दाब सारखा बसतो. एक्झॉस्ट कधी बदललेला असेल आणि त्याचा कान जाड असेल, तर वायसर तिरका बसतो आणि इनटेक ढिलं राहतं. नट कितीही आवळा, हवा जातेच. तीन-तीन गॅस्केटं बदलून गुण येत नाही, तेव्हा बहुधा हेच असतं. कान घासून सारखे करून घ्या. साध्या पातळ वायसरवर भागवू नका.

मारुती ८०० ची गोष्ट वेगळी. तिच्या कार्बोरेटरच्या मॉडेलमध्ये मॅनिफोल्डमधून रेडिएटरचं गरम पाणीही फिरतं. त्यामुळे हवेबरोबर पाण्याचीही सीलिंग सांभाळावी लागते. रेडिएटरचं पाणी कमी होतं आणि खाली थेंब दिसत नाही, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो, अशी लक्षणं असतील तर हेड गॅस्केटबरोबर या गॅस्केटचाही संशय घ्या. डिपस्टिकवरचं ऑइल ताकासारखं दिसलं, तर गाडी तिथेच बंद करा आणि ओढून न्या. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं टिकत नाहीत.

पाणी आणि इनटेक एकत्र आलं की मोठ्या कंपन्याही अडचणीत येतात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही व्ही-६ गाड्यांत इनटेकची गॅस्केटं आणि डेक्स-कूल नावाचं कूलंट यांवरून खूप ग्राहकांनी दावे लावले. २००८ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. तुमचा भाचा किंवा मुलगी तिकडे अशी जुनी गाडी चालवत असेल, तर तिलाही कूलंटची पातळी बघायला सांगा.

काम सुरू करताना इंजिन पूर्ण थंड हवं. आदल्या दिवशी स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रात्रभर मुरू द्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॅटरीची वायर काढा. कूलंट काढायचं असेल तर झाकणाच्या डब्यात काढा आणि लगेच उचलून ठेवा. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं-मांजर चाटतं, लहान मूलही तोंडात घालतं.

नट अडला तर जोर करू नका, मिस्त्रीलाही करू देऊ नका. पुन्हा तेल, पुन्हा वाट. हेडमध्ये तुटलेला स्टड काढणं हे अख्ख्या कामापेक्षा महाग पडतं.

मॅनिफोल्ड निघालं की हेडच्या उघड्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबा. किती कोंबली ते मोजून ठेवा आणि शेवटी तितकीच काढा. आत पडलेला एक वायसर इंजिन संपवतो.

जुनं गॅस्केट खरवडताना जपा. पूर्वीच्या गॅस्केटात अॅस्बेस्टॉस असायचं. त्याची कोरडी धूळ फुप्फुसात गेली तर बाहेर येत नाही, आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून पट्टी पाण्याने भिजवा आणि ओलीच खरवडा. मास्क लावा. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकू नका, घासायच्या चाकाने घासू नका. खरवडलेलं ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बांधा. अंगणात झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजातला पोरगा तोंड न बांधता हे करत असेल, तर मास्क तुम्ही नेऊन द्या.

अॅल्युमिनियमवर पटाशी किंवा स्क्रूड्रायव्हर चालवू नका. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्या. ओरखडा पडला की तीच पुढची फट.

तोंड सपाट आहे का ते बघितल्याशिवाय नवं गॅस्केट घालू नका. सरळ स्टीलची पट्टी तोंडावर आडवी, तिरपी ठेवायची आणि खालून फीलर गेज घालून बघायचं. ०.१० मिलिमीटरचं पातं कुठे आत गेलं, तर तोंड वाकलेलं आहे. ते मशिनवर फेसिंग करून घ्या. अँबॅसॅडरसारख्या गाडीत दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र जोडून मगच पट्टी ठेवा. वेगवेगळी सपाट असून काय उपयोग, दोन्ही एका पातळीत हवीत. फेसिंग टाळून जाड गॅस्केट किंवा दोन गॅस्केटं एकावर एक घालायचा सल्ला मिळेल. नम्रपणे नाही म्हणा.

आता सीलंट. हातात सिलिकॉनची ट्यूब आली की माणसाला ती लावल्याशिवाय राहवत नाही. पण पेट्रोल लागलं की साधं सिलिकॉन फुगतं आणि सुटतं. आवळताना ते आतल्या बाजूलाही दाबलं जातं. बाहेर दिसणारी रेघ छान असते. आत लोंबणारी रेघ तुम्हाला दिसत नाही. ती तुटून व्हॉल्व्हकडे जाते. पाण्याच्या वाटेने गेली तर रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवते.

चांगलं गॅस्केट आणि सपाट तोंड असेल तर काही न लावता, कोरडंच बसवा. कागदाचं असेल आणि तोंडावर जुने बारीक डाग असतील, तर पेट्रोल सोसणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ हात पुरे. एक्झॉस्टच्या भोकांभोवती काहीच नको, ते जळून जातं. सिलिकॉनची खरी जागा व्ही आकाराच्या इंजिनात, जिथे मॅनिफोल्डची टोकं ब्लॉकवर बसतात तिथे किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या पाण्याच्या भोकाभोवती. तिथेही बारीक रेघ. आणि चिरलेलं मॅनिफोल्ड एम-सीलने बुजवून वापरू नका.

नट आवळायचे ते मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे. पहिल्या फेरीत हाताने, दुसरीत अर्धा ताण, तिसरीत पूर्ण. एक टोक आधी पूर्ण आवळलं की दुसरं टोक उचललं जातं. ८ मिलिमीटरच्या स्टडला बऱ्याच गाड्यांत २ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास ताण लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. मिस्त्रीकडे टॉर्क पाना नसेल तर निदान लांब दांड्याचा पाना तरी घेऊ देऊ नका. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे सहज निघतात.

या सगळ्यात तुम्ही स्वतः पाना धरलाच पाहिजे असं नाही. पण शेजारी उभं राहिलात तर निम्मं काम नीट होतं. कानडी नीट येत नसलं तरी ‘एअर लीक’ एवढं म्हटलं की म्हैसुरातल्या कुठल्याही मिस्त्रीला कळतं. या गावाला जुन्या इंजिनांची सवय आहे. यादवगिरीच्या आयडियल जावाच्या कारखान्यात जावा आणि पुढे येझदी बनत होत्या, १९९६ मध्ये तो बंद होईपर्यंत. अजूनही कितीतरी घरांत एखादी आहे. तुमच्याकडे असेल तर कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं पॅकिंग दर वर्षी बघत जा. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जातं. तिथे मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापून जाम होतो, आणि चालत्या गाडीचं मागचं चाक अडकतं.

मोटारीचं काम झाल्यावर पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. गावातल्या गावात एक फेरी मारा, इंजिन पुरतं तापू द्या. मग रात्रभर गार होऊ द्या. सकाळी थंड इंजिनावर नट पुन्हा एकदा त्याच क्रमाने बघा. नवी पट्टी दबते आणि एखादा नट पाव फेरी घेतो. ज्या गॅस्केटच्या पाकिटावर पुन्हा आवळू नका असं लिहिलेलं असेल, तिथे हात लावू नका.

मग आयडलिंगचा स्क्रू परत जागेवर आणून घ्या. फट असताना वाढवलेली रेस आता जास्त होते, आणि गाडी धावायला बघते. ब्रेकची ती पेडलची परीक्षा पुन्हा करा. मारुती असेल तर आठवडाभर रोज सकाळी पाण्याची पातळी बघा. आठ-दहा दिवसांनी एमिशन टेस्ट करून नवी पावती जुनीला जोडून ठेवा.

हे सगळं नवरात्राच्या आधी, निदान गणपतीच्या सुमारास करून घ्या. घट बसले की गॅरेजात जागा मिळत नाही.